ओदेतबाईंसाठी मांडलेला भात

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाच्या गळ्याची शपथ घ्यायला बसलेली नाही. पण ज्या घरात हे घडलं त्याच घराच्या तळमजल्यावर मी राहते, आणि जिच्या बाबतीत घडलं ती सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगतेय. काही तर माझ्या डोळ्यांदेखत झालेलं.

तारीख गेल्या वर्षीची, एक नोव्हेंबर. शहराचं नाव ला पास, उंच डोंगरांत वसलेलं. मिराफ्लोरेसच्या चढावरचं आमचं तीन मजली घर.

आणि वेळ... भर दुपारी बाराची.

हो, दुपारचीच! भुतं रात्री येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? इथली तर टळटळीत उन्हात येतात. घड्याळ बघून येतात.

वरच्या मजल्यावरची तेल्मा पोर्तुगालची. पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पावर नोकरीला. पस्तिशीची, एकटी, गुणी पोर. परदेशात एकट्यानं राहणाऱ्याचं जसं असतं तसंच तिचं. शनिवारी बाजार, रविवारी कपडे, शुक्रवारी आपल्यासारख्याच परक्या मंडळींबरोबर बिअर, आणि ‘घरी कधी जाणार’ या एकाच विषयावर तासन्‌तास गप्पा. पहिल्या महिन्यात जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांबायची. इथली हवाच इतकी विरळ, की नवं माणूस धापा टाकतंच. मग सरावली.

रोज एकदा आईला फोन. त्यात खंड नाही.

आई म्हणजे ओदेतबाई. पोर्तुगालातल्या एका डोंगराळ गावात राहायची. सत्तरी ओलांडलेली, पण ठणठणीत. कोंबड्या पाळायची, कोबी लावायची, चर्चमधल्या बायकांशी भांडायची. घाबरायची ती फक्त विमानाला.

“ये ना गं आई एकदा,” तेल्मा दर फोनला म्हणायची.

“विमान सोडून दुसरं काही असेल तर सांग. लगेच निघते,” म्हातारीचं ठरलेलं उत्तर.

तेल्माला एक खोड होती. आम्हा परदेशात राहणाऱ्या सगळ्यांनाच असते. समोरच्याचं बोलणं अर्धंच कळलं, की हसायचं आणि ‘हो’ अशी मान हलवायची. मिनीबसवाला काही ओरडला, हलव मान. गॅसवाल्यानं काही विचारलं, हलव मान. बहुतेक वेळा निभावून जातं. फार तर भलत्याच चौकात उतरावं लागतं.

त्या वेळी निभावलं नाही.

मधल्या मजल्यावर आमची घरमालकीण राहते, दोन्या प्लासिदा. इथे बाईला मानानं ‘दोन्या’ म्हणतात, पुरुषाला ‘दोन’. इथल्या मूळच्या आयमारा लोकांतली बाई. घेरदार परकर, दोन लांब वेण्या, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिचा नवरा दोन आन्सेल्मो आधीच्याच वर्षी गेला. तपकिरी टोपी डोक्यावरून कधी न काढणारा म्हातारा.

इथे एक नोव्हेंबरला दुपारी बाराला घरातली गेलेली माणसं जेवायला येतात, आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच म्हणा. फक्त इथे पाहुणे मुक्कामाला असतात. त्यांच्यासाठी टेबल मांडतात. काळं कापड, फोटो, ऊस, फुलं, आवडीचं जेवण. उतरायला-चढायला पावाची शिडी. आणि पावाच्याच बाहुल्या, एकेका माणसासाठी एकेक. त्यांना प्लास्टरचे छोटे रंगीत चेहरे लावतात.

आदल्या आठवड्यात पाव मळायला तेल्मा दोन्या प्लासिदाच्या स्वयंपाकघरात गेली. हौस! हात पिठात, समोर चेहऱ्यांचा ढीग. त्यातला एक गुबगुबीत गालांचा चेहरा तिनं उचलला आणि खळखळून हसली.

“ही तर हुबेहूब माझी आई!”

दोन्या प्लासिदाचे हात थांबले. ती तेल्माकडे बघत राहिली. मग काहीतरी भराभर बोलली. अर्धं स्पॅनिश, अर्धं आयमारा. लांबलचक.

तेल्माला ओ की ठो कळलं नाही.

तिनं हसून मान हलवली.

दोन्या प्लासिदानं पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तेल्माला वाटलं, किती मायाळू! घराची आठवण येते हे हिला न सांगता कळलं.

“काय आवडतं गं तिला?” बाईनं विचारलं.

“दुधातला गोड भात. वरून दालचिनी.”

“आणि एक फोटो दे मला.”

तेल्मानं आनंदानं दिला.

एक तारखेला पावणेबाराला ती खाली आली. खोली नातेवाइकांनी भरलेली. मीही होते, दाराशी उभी. तेल्मानं टेबलाकडे बघितलं...

काळ्या कापडावर दोन आन्सेल्मोचा फोटो होता. त्याच्या आईचा होता. आणि दोघांच्या मध्ये, मेणबत्तीच्या उजेडात हसणारी तिची आई.

समोर वाफाळता भात. दालचिनीची सुबक नक्षी. शेजारी गुबगुबीत गालांची पावाची बाहुली.

आत्ता कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला, की आपण त्या दिवशी मान कशाला हलवली.

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात दोन्या प्लासिदा हात पुसत आली.

“पहाटेपासून ढवळतेय बघ तुझ्या आईचा भात. बरोबर जमलाय ना पोरी? तिला आवडेल ना?”

आता काय बोलणार? माणसांनी भरलेलं घर, सगळे काळ्या कपड्यांत, आणि ही बाई डोळ्यांत पाणी आणून विचारतेय. ‘अहो, माझी आई जिवंत आहे’ हे सांगायचं कोणत्या तोंडानं? उद्या सांगू. रीतच तर आहे. कुणाचं काय बिघडतंय?

तेल्मानं पुन्हा मान हलवली.

चर्चची घंटा सुरू झाली. दोन्या प्लासिदानं एकेकाला हाका मारल्या. मोठ्यानं, मायेनं, जेवायला बोलवावं तशा. आन्सेल्मो, ये. सासूबाई, या.

“ओदेत, ये गं बाई. लेकीच्या घरी ये.”

घंटा थांबली.

आणि सगळंच थांबलं...

चढावर एरवी गाड्यांची घरघर चालू असते. ती नाही. कुत्री नाहीत. समोरच्या घरातला रेडिओ नाही. कानांत दडे बसल्यासारखं झालं.

मग जिन्यावर पावलं वाजली.

जड. सावकाश. खालून वर येणारी. दोन आन्सेल्मो असाच चढायचा. खोलीतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. एका म्हाताऱ्यानं तर बिअरही ओतली. त्यांना यात नवल नव्हतं.

पण त्या पावलांच्या मागे...

आणखी पावलं होती.

चार पायऱ्या. थांबली. धाप लागल्याचा आवाज. पुन्हा चार पायऱ्या. पुन्हा धाप.

दोन्या प्लासिदाच्या सासूबाईंचा जन्म याच चढावर गेलेला. त्या कशाला धापा टाकतील?

कुणीतरी नवखं वर येत होतं.

दारात मीच उभी होते हो! जिना माझ्यासमोर होता. लख्ख ऊन पडलं होतं त्यावर. आणि जिन्यावर कुणीही नव्हतं. माझ्या दंडाला मात्र कुणीतरी निसटतं घासून आत गेलं.

तेल्मा भाताकडे बघत होती. दालचिनीची नक्षी एका कडेला पुसली गेली होती. बोटानं कड पुसून चाटावी, तशी. तिची आई भांडं चुलीवरून उतरलं रे उतरलं, की अशीच चव घ्यायची.

त्याच क्षणी तिचा फोन वाजला.

भाऊ होता. अबीलियो. तिकडे दुपारचे चार वाजले होते, आणि तो आईला घेऊन वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेला होता.

“तेल्मा, घाबरू नकोस. आई जरा... कुणीतरी हाक मारली म्हणाली. मागे वळली आणि मटकन खालीच बसली. आता शुद्धीवर आहे. घे, बोल तिच्याशी.”

तेल्मा फोन कानाला लावून गॅलरीत पळाली.

“आई! काय होतंय तुला?”

“काही नाही गं. डोकं ठणकतंय. श्वास पुरत नाही.” म्हातारी धापा टाकत होती. “जिने किती गं बाळा तुझ्याकडे?”

“कुठले जिने?”

“अगं, तुझ्या घरचे. ते टोपीवाले गृहस्थ होते म्हणून बरं. त्यांनी पिशवी धरली माझी.” थोडं थांबून ती म्हणाली, “घर छान आहे. पडदे तेवढे धू.”

तेल्मानं फोन कानाला घट्ट दाबला.

तिनं मागे वळून बघितलं. टेबलावर फोटोत दोन आन्सेल्मो. डोक्यावर तपकिरी टोपी.

त्यानंतर तिनं दोन्या प्लासिदाला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. रडत, अडखळत. बाईच्या हातातली पळी खाली पडली.

“जिवंत? जिवंत आहे तुझी आई?”

“हो...”

“आणि तू मान हलवलीस! ‘आई गेली का गं तुझी, आपण तिचंही पान मांडू का’, असं विचारलं मी तुला. मान हलवलीस! आज पुन्हा हलवलीस! तोंड शिवलं होतं का तुझं?”

“मला लाज वाटली.”

“लाज!” बाई मटकन स्टुलावर बसली. “या बयेला लाज वाटली म्हणून मी जिवंत बाईला मेलेल्यांच्या पंक्तीत बसवली. देवा रे!”

तेल्मा फोटो काढून घ्यायला धावली. दोन्या प्लासिदानं तिचं मनगट गच्च धरलं.

“हात लावू नकोस! जेवता जेवता उठवलेलं माणूस वाट चुकतं. मग ते ना इथलं, ना तिथलं.”

“मग काय करू?”

“उद्या बाराला टेबल आवरायचं. आवरलं की आलेले सगळे शिडी चढून जातात.”

“सगळे?”

“सगळे.”

“आणि नाही आवरलं तर?”

दोन्या प्लासिदानं पडलेली पळी उचलली. “मला नाही माहीत, पोरी. आमच्यात असं कुणी कधी केलेलंच नाही.”

संध्याकाळपर्यंत ओदेतबाईंना दवाखान्यात हलवलं. छाती तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, उंच डोंगरावर गेलेल्या माणसाला होतं तसं काहीतरी दिसतंय, पण या बाई तर गाव सोडून कुठे गेलेल्याच नाहीत. तेल्मा विमानं शोधत बसली. इकडून उडून तिकडे उतरायचं तर दोन दिवस. बाराच्या आत पोचणं कोणत्याही देशाच्या विमानाला शक्य नव्हतं. तिनं स्क्रीनवर तेच तेच पुन्हा बघितलं, आणि मग फोन पलंगावर फेकून ढसाढसा रडली. मी शेजारी बसून होते. मी तरी काय करणार? कोकाच्या पानांचा चहा करून दिला, तो तसाच गार झाला.

सकाळी आई फोनवर एकदाच बोलली. आवाज खोल गेलेला.

“आई, तू कुठे आहेस?”

“ही काय, बसलेय ना. तू समोरून सारख्या येरझाऱ्या घालतेयस. किती वाळलीस गं!”

“आई, त्या टोपीवाल्याबरोबर जाऊ नकोस. ऐकतेयस ना? अबीलियोचा हात धर. त्याच्याकडे बघ.”

“भला माणूस आहे गं तो. बाराला निघायचं म्हणतोय.” मग लहान मुलीसारखं हट्टानं, “मला आणखी थोडं बसायचंय. इतक्या लांब आले... दोन वर्षांनी तुला बघतेय.”

त्यानंतर ती डोळे मिटून पडली. डॉक्टरांना उठवता येईना.

बाराला काही मिनिटं कमी असताना दोन्या प्लासिदानं आवरायला घेतलं. बिअर, सूप, ऊस. नवऱ्याचा फोटो छातीशी धरला, पुटपुटली, कापडात गुंडाळला. सासूचा गुंडाळला. पावाची शिडी मोडून वाटली. टेबल रिकामं होत गेलं.

एक कोपरा तेवढा उरला.

“ते मी नाही उचलणार,” ती म्हणाली. तिनं हात मागे घेतले. “बोलावली मी. पण माणूस तुझं आहे. तूच ठरव.”

तेल्माच्या एका कानाला फोन होता. पलीकडे अबीलियो आईच्या उशाशी. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तो म्हणत होता, “श्वास चालू आहे. फार हळू चालू आहे.”

घंटा सुरू झाली.

भात उचलावा, तर आई त्या दोघांबरोबर शिडी चढून जाणार. म्हणजे मरणार. आपल्या हातानं. न उचलावा, तर ती कुठेच पोचणार नाही. ना घरी, ना देवाघरी. आईला असं अधांतरी लटकत ठेवायचं?

पोरगी एकदा भाताकडे, एकदा फोटोकडे बघत होती. माझ्याच्यानं बघवेना.

घंटेचे टोले संपत आले तसा तिनं हात पुढे केला. आई, माफ कर, एवढंच म्हणाली. आणि ताटली धरली.

ताटली ऊन होती...

आदल्या दिवशीचा भात तो. रात्रभर गारठ्यात पडलेला. आणि ताटली चुलीवरून उतरवल्यासारखी ऊन.

तिनं ओढली.

ताटली हलली नाही.

पुन्हा ओढली. आणि तेव्हा तिला कळलं. ती अडकलेली नव्हती, चिकटलेली नव्हती. पलीकडून कुणीतरी धरली होती. जोरात नाही. हलकेच. जेवण संपायच्या आत पोर ताट उचलायला लागली, की आई धरते तशी.

तेल्मानं सोडून दिली.

घंटा थांबली. बाहेर मिनीबसवाल्याची आरोळी ऐकू आली. कुत्रं भुंकलं. आणि फोनमधून अबीलियो ओरडला,

“तेल्मा! आईनं मूठ आवळलीय! एवढी घट्ट, की बोटं पांढरी पडलीत. माझा हात नाही धरलेला तिनं. काहीतरी धरलंय. काय धरलंय तेच कळत नाही!”

जिन्यावरून जड पावलं उतरत गेली. एकाची. मग एका म्हातारीची, हलकी, सरावाची.

तिसरी पावलं ऐकू आली नाहीत.

आता या नोव्हेंबरात वर्ष होईल. ओदेतबाई अजून दवाखान्यात आहेत. झोपलेल्या. मूठ तशीच. आणि आमच्या मधल्या मजल्यावर टेबलाच्या त्या कोपऱ्यात काळं कापड, फोटो आणि भात आहे. तेल्मा रोज सकाळी कामावर जायच्या आधी ताजा करते, दुपारी बाराला दोन्या प्लासिदा गरम करून मांडते. संध्याकाळपर्यंत कड साफ झालेली असते. घरात मांजर नाही, उंदीर नाही. मी स्वतः बघितलंय.

अबीलियो बहिणीला फोनवर वाट्टेल ते बोलतो. “आई मरणाच्या दारात पडलीय आणि तुला एकदा येववत नाही? कसलं काळीज आहे तुझं?” ती ऐकून घेते. काय सांगणार? आईला भेटायला गेले तर आईला जेवायला कोण घालील, असं सांगणार? एकदा तिनं तिकीट काढलंही होतं. एक दिवस भात मांडला नाही, बघू तरी म्हणून. त्या दुपारी तिकडे ओदेतबाईंचा श्वास अडकला. तिकीट गेलं वाया.

आणि गेल्या महिन्यात भावाचा वेगळाच फोन आला. रागाचा नव्हता. घाबरलेला होता. नळीतून दिलेलं दूध आईच्या पोटात टिकत नाही, सगळं बाहेर येतं. तरी डॉक्टर म्हणतात, बाईंचं वजन वाढलंय. गाल भरलेत. कसं, ते त्यांना सांगता येत नाही.

ते ऐकून तेल्मा हसली. मग तोंडावर हात दाबून रडायला लागली.

डिसेंबरात तिचा करार संपतोय. प्रकल्प गुंडाळला, कंपनीनं परतीचं तिकीट हातात दिलंय. इथे राहायची परवानगीही त्याच महिन्यात संपते. दोन्या प्लासिदा थकलीय. तिला हल्ली स्वयंपाकघरापर्यंत जातानाही भिंत धरावी लागते.

परवा तेल्मा माझ्याकडे आली. खुर्चीत बसली, माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही तर इथेच राहणार ना? दिवसातून एकदाच मांडायचा असतो. दूध, तांदूळ, वरून दालचिनी. फार काही नाही.”

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. आत्ता हे लिहितेय, तर वर भांडं ढवळल्याचा आवाज येतोय, आणि दालचिनीचा वास जिन्यावरून खाली उतरलाय. पोरीची दया येते हो, फार येते. पण माझंही मायदेशी एक घर आहे, वाट बघणारी माणसं आहेत. एकदा ‘हो’ म्हटलं, की मला इथून कधी निघता येईल, ते तुम्हीच सांगा.